मिस डाउसना एकदाच विचारलं

रोज सकाळी नऊला दहा कमी असताना मिस डाउस कोठीच्या दारामागच्या खिळ्यावरून चर्चची किल्ली काढत, तिच्यावरून तेलाचं फडकं फिरवत आणि परत खिळ्याला अडकवत. किल्ली चांगली वीतभर लांब, लोखंडी, हातात घेतली की मनगट खाली ओढणारी. आदल्या दिवशी ती कोणी मागून नेलेली असो वा नसो, फडकं फिरायचंच. मग चहाचा कप घेऊन त्या पुढच्या खिडकीशी उभ्या राहत आणि आज कोण मूर्ख येतो ते पाहत.

मूर्ख येत. एप्रिल ते ऑक्टोबर तर नेमाने येत. आमच्या लिटल वेन्बीत दुकान नाही, पब कधीच बंद पडला, बस गुरुवारी एकदा येते आणि बहुधा रिकामीच जाते. बघण्यासारखं आहे ते तेराव्या शतकातलं चर्च आणि त्याच्या दारावरचा, मिस डाउसच्या अक्षरातला कागद: किल्ली समोरच्या हिरव्या दाराच्या घरात मिळेल, कुत्री बाहेर बांधावीत. हिरवं दार त्यांचं. त्याला लागून आमचं घर. मधल्या भिंतीतून त्यांचा रेडिओ आमच्याकडे येई आणि आमची भांडणं त्यांच्याकडे जात. दोन्हीकडून कोणी कधी त्याचा उल्लेख केला नाही.

दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडाकडे त्या आधी बघत नसत, पायांकडे बघत. भारीतले, चिखल न लागलेले डोंगरी बूट दिसले की समजायचं, छताचे लाकडी देवदूत बघायला आलेला. हे लोक मान मागे टाकून अर्धा तास उभे राहत आणि मग मान आखडली म्हणून बसायला खुर्ची मागत. नाडीचे तपकिरी बूट म्हणजे यादीवाला. केंटहून असाच एक आला होता. त्याने म्हणे अकराशे बारा चर्च ‘केली’ होती, आमचं अकराशे तेरावं. नऊ मिनिटांत करून तो किल्ली परत द्यायला आला, तेव्हा मिस डाउसनी त्याला विचारलं, की बाकीची अकराशे बारा अजून उभी आहेत का. तो हो म्हणाला. विनोद त्याच्या लक्षात आला नाही, पण त्यांना त्याची अपेक्षाही नव्हती.

पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पूर्वज शोधणारे येत. एकदा ऑस्ट्रेलियाहून आलेलं कुटुंब ‘लीक’ आडनावाच्या कबरीपाशी तासभर रडलं. त्यांचे लीक वेगळे, पलीकडच्या गावातले. मी म्हटलं, सांगायला हवं होतं त्यांना. मिस डाउस म्हणाल्या, “रडू दे की. या लीकसाठी दीडशे वर्षांत कोणी टिपूस काढलेलं नाही.”

पाहुण्यांच्या वहीत सगळे एकच शब्द लिहीत. शांत. फार शांत. किती शांत. ती पानं त्या मला वाचून दाखवत, भाजीच्या पिशवीत अळी सापडल्यासारख्या चेहऱ्याने. “सात वर्षं ऑर्गन बंद आहे,” त्या म्हणत, “आणि रविवारी आम्ही सहा टाळकी. शांत नसणार तर काय बैलबाजार भरणार?”

त्या शांततेत त्या रोज काय काम करत ते वहीत कोणी लिहिलं नाही. वटवाघळं कायद्याने संरक्षित, त्यांना हाकलायचं नाही. त्यामुळे वेदीवर प्लास्टिक घालायचं, रोज ते उचलून झटकायचं, बाकांवरच्या लेंड्या ब्रशने गोळा करायच्या. थडग्यावर कोरलेला दगडी सरदार आणि त्याची बायको गेली सहाशे वर्षं जोडीने उताणे पडले आहेत. त्यांच्या घडीघडीच्या झग्यातली धूळ दात घासायच्या ब्रशने काढायची. सरदाराला नाक नाही. माहितीपत्रकात लिहिलंय, की यादवी युद्धात सैनिकांनी तोडलं. मिस डाउस लहान असताना त्यांच्या वडिलांच्या हातून शिडी पडली होती. ते चर्चची कबरी खणायची आणि दुरुस्तीची कामं करत. त्यांनी नाकाचा तुकडा खिशात घालून घरी आणला आणि घरात त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. पाहुणे त्या नाकाच्या जागेचे फोटो काढून यादवी युद्धाबद्दल हळहळत, तेव्हा मिस डाउस जवळ उभ्या राहून गंभीरपणे मान हलवत.

चाळीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांना जेवण आणि पुडिंग वाढण्याचं काम केलं. लग्न ठरलं होतं एकदा, बियाण्यांच्या फिरत्या विक्रेत्याशी. मोडलं. कारण गावात तीन प्रकारांनी सांगतात आणि तिन्हींत चूक त्याचीच असते. देवावर त्यांचा फार विश्वास होता असं मला वाटत नाही. चर्चच्या छतावर मात्र होता. ते कुठे गळतं हे त्यांना अंधारात सांगता आलं असतं.

किल्ली त्यांच्याकडे आली एक्क्याऐंशी साली. तेव्हाचे चर्चचे कारभारी, म्हणजे आताचे कारभारी क्लाइव्ह मॉल्टबी यांचे वडील, दारात येऊन म्हणाले, ठेवता का आठवडाभर. मिस डाउस नाही म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, त्या म्हणाल्या, दुसरं कोणी मिळेल की. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हात पुढे केला. तो आठवडा एक्केचाळीस वर्षं चालला.

आमच्या गावात कुठलीही गोष्ट द्यायची असो की काढून घ्यायची, तीनदा विचारावी लागते. पहिलं उत्तर रीत म्हणून देतात, दुसरं विचारणाऱ्याची नड पाहायला, तिसरं खरं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. चहाबरोबर केक पुढे आला की पहिल्या दोन वेळा हात मांडीवरच राहतात. दोनदाच विचारून ताटली मागे नेणारी बाई चिक्कू ठरते आणि पहिल्यांदाच उचलणारा माणूस लंडनचा. यातलं सगळ्यात धारदार उत्तर म्हणजे ‘चालेल की.’ आधीच्या पाद्रीबुवांनी एकदा फुलांचा लोखंडी स्टँड खांबाशी हलवायचा का असं मिस डाउसना विचारलं. त्या म्हणाल्या, “चालेल की. माझ्यासाठी कोणी अडून बसू नका.” पाद्रीबुवा पांढरेफटक पडले. स्टँड हलला नाहीच, वर दुसऱ्या दिवशी त्यांनी शेरीची बाटली आणून दिली. ते इथलेच होते.

नवे पाद्रीबुवा बर्मिंगहॅमचे. नाव डंकन फेल. आमच्यासकट सात गावांची चर्च त्यांच्या गळ्यात, छोट्या निळ्या गाडीतून सदा घाईत. ते सगळ्यांना सांगत, मला नुसतं डंकन म्हणा. मिस डाउस त्यांना पाद्रीबुवा म्हणत राहिल्या आणि ते त्यांना बेरिल. माणूस वाईट नव्हता. विचारलं की उत्तर मिळतं आणि मिळालेलं उत्तर खरं असतं, अशी त्याची साधी समजूत होती, एवढंच.

त्यांनी कल्पना काढली, की चर्च दिवसभर उघडं ठेवायचं. दाराला विजेचं कुलूप बसवायचं. सकाळी आपोआप उघडेल, संध्याकाळी आपोआप लागेल. किल्ली मागायला येणारा माणूस अर्ध्या वाटेत लाजून परत जातो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. मिस डाउसच्या खिडकीतली नजर पाहून गाडी वळवून गेलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

समितीची बैठक चर्चमागच्या खोलीत भरली. सहा माणसं, एक विजेची शेगडी. मीही होते, लीड्सहून शिकून परतल्यावर रिकामी बसलेली म्हणून मला टिपणं घ्यायला बसवलं होतं. पाद्रीबुवांनी कल्पना सांगितली, छान सांगितली, आणि मग वळून विचारलं, “बेरिल, तुमच्याकडे इतकी वर्षं किल्ली आहे. तुम्हाला चालेल ना?”

मिस डाउस म्हणाल्या, “मला काय, चालेल की. माझ्यासाठी कोणी अडून बसू नका.”

खोलीतल्या सगळ्यांनी शेगडीकडे पाहिलं. क्लाइव्ह मॉल्टबींनी चष्मा काढून पुसायला घेतला. फुलांचं बघणाऱ्या पेगी ब्लँचर्ड, मिस डाउसच्या साठ वर्षांपासूनच्या मैत्रीण, पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या, ते त्यांना बैठक संपेपर्यंत सापडलं नाही. आणि पाद्रीबुवा म्हणाले, “किती मोठं मन आहे तुमचं. मग ठरलं.” आणि मला म्हणाले, लिहून घे.

मी लिहून घेतलं. बाकीच्यांना नावं ठेवताना हे विसरून चालणार नाही.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता, पण पाद्रीबुवांच्या कानावर जाईल असं एक वाक्य कोणी बोललं नाही. क्लाइव्हचं म्हणणं, आपण कोण सांगणारे. पेगीचं म्हणणं, बेरिलने स्वतःच सांगायला हवं. आमच्या आईचं म्हणणं, त्यांना कळेलच. सहाशे वर्षं जुनी तुळई वाचवायला ही माणसं गावभर केक विकत फिरतात. एका जिवंत बाईसाठी एक वाक्य खर्च करायची वेळ आली तर सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. शिष्टाचार म्हणतात त्याला.

मी मिस डाउसकडे गेले आणि म्हटलं, तुम्हीच सांगा ना त्यांना, नकोय म्हणून.

“विचारलं की सांगेन.”

“विचारलं होतं त्यांनी.”

“एकदाच विचारलं,” त्या म्हणाल्या आणि बटाटे सोलू लागल्या.

कुलूप मे महिन्यात बसलं. आतून उघडायचं एक हिरवं बटण होतं, त्याच्यापुढे पेगीचा फुलांचा स्टँड आला, कारण स्टँड कुठे असतो ते ठरलेलं होतं. जुनी किल्ली पाद्रीबुवांनी स्वतः येऊन नेली. पुढच्या रविवारी ती काचेच्या चौकटीत, मखमलीवर, भिंतीला चार स्क्रूंनी बसवलेली दिसली. खाली छापील पाटी: ‘जुनी किल्ली. बेरिल यांनी प्रेमाने सांभाळली.’ चौकटीवरचा पडदा मिस डाउसच्याच हातून दूर करवला. त्यांनी दोरी ओढली, पाटी वाचली, म्हणाल्या, “फारच वेगळं आहे.” पाद्रीबुवांनी त्यांचा हात हातात घेतला. वेन्बीत ‘वेगळं’पेक्षा वाईट शिवी नाही.

त्या उन्हाळ्यात गाड्या जास्त आल्या. लोक थेट चर्चमध्ये जात, थेट निघून जात. हिरव्या दाराशी कोणी येईना. मिस डाउस खिडकीत उभ्या राहत आणि पाय दिसेपर्यंत माणसं फाटकाच्या आत गेलेली असत. लेंड्या गोळा करायला त्या रोज जातच होत्या, फक्त आता उघड्या दारातून, कोणीही जावं तशा. जुलैत एका निवृत्त मास्तरांनी त्यांना पाहुणी समजून सगळं चर्च दाखवलं. सरदाराचं नाक, सैनिक, यादवी युद्ध. मिस डाउस ब्रश पाठीमागे धरून ऐकत राहिल्या. शेवटी मास्तरांनी विचारलं, तुम्ही कुठून आलात. त्या म्हणाल्या, “समोरून.” मास्तर म्हणाले, अरे वा, मग तुम्ही पुष्कळदा येत असाल.

त्या दिवशी संध्याकाळी भिंतीतून रेडिओ ऐकू आला नाही. आईने एकदा भिंतीकडे पाहिलं.

ऑक्टोबरच्या शेवटी, दरवर्षीप्रमाणे हिवाळ्यासाठी, घड्याळं एक तास मागे गेली. सगळ्या गावाने आपापली घड्याळं मागे केली; कुलपाचं कोणी केलं नाही, कारण ते आपोआप चालणारं होतं. दारावर लिहिलेलं, सहाला बंद. त्या सोमवारी ते पाचलाच खटकन लागलं आणि आत सरी परगण्यातून आलेलं एक यादीवालं जोडपं अडकलं. बाहेर अंधार आणि पाऊस, आत फोनला रेंज नाही. हिरवं बटण स्टँडवरच्या शेवंतीमागे. शेवटी त्यांनी घंटेचा दोर ओढला.

घंटा वीस मिनिटं वाजत होती, वेडीवाकडी, छप्पर कोसळल्यासारखी. सगळ्या वेन्बीने ऐकली. क्लाइव्हना वाटलं पेगीचं काही काम असेल, पेगीला वाटलं पाद्रीबुवांनी नवीन काही काढलं असेल, आणि मध्ये पडणं बरं दिसत नाही. आम्हीही पडदा सारून पाहिलं आणि सोडून दिला.

मिस डाउस उकडलेलं अंडं खात होत्या. त्यांनी ते संपवलं. चर्चच्या मागच्या खोलीच्या दाराची लहान किल्ली त्यांच्या बटणांच्या डब्यात होती. ती त्यांच्याकडे कोणी मागितलीच नव्हती. सपाता घालूनच त्या पावसात बाहेर पडल्या, तेव्हा कुठे मी छत्री घेऊन मागे धावले. आतून त्या बाईचा रडवेला आवाज येत होता, कोणी आहे का, कोणी आहे का. मिस डाउस दाराबाहेर थांबल्या. एवढ्या पावसात थांबल्या. बाईने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आहे,” आणि किल्ली फिरवली.

त्या जोडप्याने दहादा आभार मानले. दिवा लावून दिल्यावर बाई आणखी एक मिनिट मागे राहिली, वहीत लिहायला. फार शांत, तिने लिहिलं.

दोन दिवसांनी मिस डाउसना ताप भरला, मग छातीत कफ झाला. डॉक्टरने हॉस्पिटलचं नाव काढलं, त्यांनी त्याला इतक्या थंडपणे ‘बघू’ म्हटलं की तो औषधं देऊन गेला. पलंग खाली बैठकीत आणला. मी दिवसभर तिथेच असे. त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि पहिल्यांदाच तशा दिसत होत्या.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवा चर्चच्या वाटेवर भेटले. म्हणाले, बेरिलने त्या दोघांना सोडवलं, थोरच बाई, मी तिला फुलं पाठवणार आहे. माझ्या तोंडून निघून गेलं.

“फुलं नका पाठवू. तुम्ही त्यांना एकदाच विचारलंत.”

त्यांना कळेना. मग मी थडग्यांच्या मध्ये उभं राहून सगळं सांगितलं. केक सांगितला, स्टँड सांगितला, शेरीची बाटली सांगितली, शेगडीकडे बघणारी पाच माणसं सांगितली, लिहून घेणारी मी सांगितली. त्यांनी हातातली गाडीची किल्ली परत खिशात ठेवली. मग म्हणाले, “दीड वर्ष झालं मला इथे. म्हणजे तुम्हा सगळ्यांनी आजवर मला काय काय सांगितलंय?” मी म्हटलं, ते आता मोजू नका.

पलीकडच्या फाटकाशी पेगी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या दिवसानंतर पुढे दोन महिने त्या माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलल्या.

सोमवारी दुपारी पाद्रीबुवा हिरव्या दाराशी आले. टोपी हातात, बूट पुसून. मी त्यांना पलंगाशी खुर्ची दिली. कुलूप काढून टाकतोय म्हणाले, ते काही कामाचं नाही. जुनंच बरं. “बेरिल,” म्हणाले, मग थांबून, “मिस डाउस, किल्ली तुम्ही ठेवाल का?”

“मी कसली ठेवतेय आता. वय झालं माझं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला. “तुमच्याकडे राहिली तर मला बरं वाटेल. ठेवाल का?”

“पेगी आहे की. तिला आवडेल.”

पेगीचं नाव निघताच ते गडबडले. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, की पेगीला विचारणं किती सोपं आणि किती न्यायाचं होईल, हे त्यांना पटत चाललं आहे. बर्मिंगहॅमचा माणूस. मिस डाउस छताकडे बघत पडून होत्या, पण पांघरुणावरचा हात हलायचा थांबला होता. मी चहाचा कप बशीवर जरा जोरातच ठेवला.

“पेगीला नाही विचारायचं मला,” ते म्हणाले. “तुम्हालाच विचारतोय. मिस डाउस, किल्ली ठेवाल का?”

मिस डाउसनी पांघरुणाची कड सरळ केली. एवढी वाट बघायला लावणं त्यांच्या हक्काचं होतं. खिडकीबाहेर एक गाडी थांबली, कोणीतरी उतरलं, दार आपटलं.

“एवढं म्हणताय तर आणून ठेवा,” त्या म्हणाल्या. “आणि ती मखमल तुमच्याकडेच राहू दे.”

पाद्रीबुवा हसले, उठले, खुर्ची पाडली, उचलली. आत्ताच आणतो म्हणाले. पण चौकटीच्या स्क्रूंना लागणारा पेचकस फक्त क्लाइव्हकडे होता, आणि क्लाइव्हकडून वस्तू मागून आणायची म्हणजे त्यालाही आपला वेळ लागतो. किल्ली बुधवारी आली. मिस डाउस मंगळवारी पहाटे झोपेतच गेल्या. आईने भिंतीला कान लावून मग मला उठवलं.

सोमवारी पाद्रीबुवा तसेच धावत गेले, तेव्हा त्यांच्यामागे हिरवं दार सताड उघडं राहिलं होतं. समुद्राकडचा वारा सरळ पलंगापर्यंत येत होता. मी कपबश्या उचलत होते. मिस डाउसनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि डोळे मिटूनच म्हणाल्या, “दार लावून घे गं. यांना कुठलंच दार लावता येत नाही.”